लक्झरी इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी पार्किंगमध्ये जाऊन या

पेट्रोल वाचतं म्हणून साठ-सत्तर लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका. शोरूममध्ये पहिलं गणित तेच मांडतात, म्हणून आधी तेच उलगडून बघू.

समजा, वर्षाला १५,००० किलोमीटर गाडी चालते. मोठी पेट्रोल गाडी शहरात लिटरला १० किलोमीटर देते असं धरलं तर १,५०० लिटर लागतील. १०४ रुपये दराने झाले १ लाख ५६ हजार. तेवढंच अंतर इलेक्ट्रिकला शंभर किलोमीटरमागे २० युनिट या हिशेबाने ३,००० युनिटमध्ये कापता येईल. चार्जिंगमधली गळती धरून ३,३०० युनिट. घरच्या मीटरवर १२ रुपये दराने साधारण ४० हजार. म्हणजे वर्षाला लाख-सव्वा लाख वाचतात. आता पाच-सहा वर्षांनी गाडी विकायला काढली आणि तिला पेट्रोलच्या जोडीदारापेक्षा मूळ किमतीच्या दहा टक्क्यांइतका कमी भाव आला, तर सत्तर लाखांवर सात लाख गेले. सगळ्या वर्षांची बचत एका दिवसात धुऊन निघाली.

मग या गाड्या घेऊच नयेत का? तसं नाही. शांतता, पाय ठेवताक्षणी मिळणारी ताकद, ट्रॅफिकमध्ये गिअर-क्लचचा धक्का नाही, करात मोठी सूट आणि पंपावरच्या रांगेतून सुटका, ही घेण्याची खरी कारणं. तोटेही तितकेच खरे आहेत, फक्त ते माहितीपत्रकात नसतात. पहिल्यांदा या वाटेला जाणाऱ्यांसाठी, कुठल्या क्रमाने काय तपासायचं ते सांगतो. उदाहरणं मुंबई-पुण्याची आहेत, कारण आपल्याकडे या गाड्यांचा बाजार मुख्यतः तिथंच आहे.

पहिली पायरी: शोरूमच्या आधी पार्किंग

गाडी रात्री जिथं उभी राहते तिथं वीज येते का, या एका प्रश्नावर निम्मा निर्णय होतो. बंगला असेल तर प्रश्नच मिटला. फ्लॅट असेल तर आधी कमिटीला लेखी अर्ज द्या, एनओसी घ्या, आणि इलेक्ट्रिशियनला घेऊन मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंत केबल कशी येईल ते चालत जाऊन बघा. दोन बेसमेंट खाली पार्किंग असेल तर केबलची लांबी सहज पन्नास-साठ मीटर होते आणि तो खर्च कंपनीच्या 'फ्री इन्स्टॉलेशन'मध्ये बसत नाही. किती मीटर केबल फुकट आणि पुढच्या मीटरला किती, हे आधीच लिहून घ्या. सँक्शन लोड (मंजूर वीजभार) वाढवायचा की गाडीसाठी वेगळा मीटर घ्यायचा, हे महावितरण, बेस्ट, अदानी किंवा टाटा, जी तुमची वीज कंपनी असेल तिच्याकडे विचारा. ईव्ही चार्जिंगचा दर वेगळा असतो. घरच्या मीटरवर वापर वरच्या स्लॅबमध्ये जात असेल तर वेगळा मीटर बहुधा स्वस्त पडतो.

चार्जर किती किलोवॅटचा हवा? साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३.३ किलोवॅटने चार्जिंग होतं. दहा तासांत तीसेक युनिट, म्हणजे दीडशे किलोमीटर. रोजचं जाणं-येणं पन्नास किलोमीटरचं असेल तर एवढ्यावरही भागतं, हे सेल्समन सांगणार नाही. ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स सिंगल फेजवर चालतो आणि रात्रभरात सत्तरेक युनिट भरतो. ११ किलोवॅटला थ्री फेज लागतं. शंभर युनिटच्या वर बॅटरी असलेली गाडी असेल आणि रोज लांबचा प्रवास असेल तरच त्या फंदात पडा. (किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या विजेच्या बिलातलं युनिटच. गाडीचा सेल्समन हे दोन शब्द वेगळे असल्यासारखं बोलतो.)

आणि आता ती गोष्ट, जी कुणीच विचारत नाही. तुमचं पार्किंग स्टॅक किंवा पझल प्रकारचं, म्हणजे यंत्राने गाड्या वर-खाली सरकवणारं, आहे का? असेल तर खांबावरची पत्र्याची पाटी वाचा. 'क्षमता २००० किलो' किंवा '२५०० किलो' असं लिहिलेलं असतं. एका सोसायटीत गाडीचं बुकिंग झाल्यावर पार्किंगवाल्याने त्या पाटीवर बोट ठेवून शांतपणे विचारलं होतं, "साहेब, गाडीचं वजन किती?" बीएमडब्ल्यू आय७ सव्वीसशे किलोंच्या पुढे आहे. मर्सिडीजची ईक्यूएस एसयूव्ही त्याहून जड. टेस्ला मॉडेल वाय किंवा बीएमडब्ल्यू आयएक्स१ दोन टनांच्या आसपास, म्हणजे तिथंही पाटी बघूनच ठरवायचं. शिवाय वर-खाली सरकणाऱ्या पॅलेटवर चार्जिंगची केबल लावून ठेवता येत नाही. अशा सोसायटीत जमिनीवरची एखादी जागा बदलून मिळते का ते बघा. मिळत नसेल आणि ऑफिसमध्येही चार्जर नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ही गाडी सध्या तुमच्यासाठी नाही. दर चार दिवसांनी मॉलमध्ये जाऊन चार्ज करायची ती कसली लक्झरी?

दुसरी पायरी: किमतीचा कागद वाचा

इथं इलेक्ट्रिकची बाजू खरोखर जड आहे. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. त्याआधी सेससकट तो ५० टक्क्यांपर्यंत जायचा, म्हणजे इलेक्ट्रिकचा फायदा आता थोडा कमी झालाय, पण अजूनही भरपूर आहे. शिवाय महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी मोटार वाहन कर १३ टक्के पडतो, तर इलेक्ट्रिकला माफी आहे. बीएमडब्ल्यूने जानेवारी २०२५ मध्ये आयएक्स१ ची लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली), चेन्नईत बनणारी आवृत्ती ४९ लाखांना आणली, जवळपास पेट्रोल एक्स१ च्याच किमतीत. एक्स-शोरूम किंमत सारखी असली तरी ऑन-रोडला सहा लाखांच्या वर फरक पडतो तो या कराने.

या माफीवर डोळे झाकून विसंबू नका. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव आला होता, आणि त्याच अधिवेशनात तो मागे घेतला गेला. जे एकदा सुचलं ते पुन्हा सुचू शकतं. त्यामुळे बुकिंगच्या नव्हे, नोंदणीच्या दिवशीचा दर महत्त्वाचा. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणानुसार अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. टोलनाका ओलांडल्यावर फास्टॅगचा मेसेज मात्र बघत जा.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी इथं जोडलेली की बाहेरून तयार आलेली. चाकणच्या कारखान्यात जोडलेली मर्सिडीज ईक्यूएस ५८० सप्टेंबर २०२२ मध्ये १ कोटी ५५ लाखांना आली. त्याच्या महिनाभर आधी आलेली, पूर्ण आयात केलेली एएमजी ईक्यूएस ५३ होती २ कोटी ४५ लाखांना. एएमजी जास्त ताकदीची आहे हे मान्य, पण नव्वद लाखांच्या फरकात आयात शुल्काचा वाटा मोठा आहे, आणि ते शुल्क विकताना परत मिळत नाही. टेस्लाने १५ जुलै २०२५ ला मुंबईच्या बीकेसीत पहिलं शोरूम उघडलं तेव्हा मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून सुरू झाली, कारण ती तयार होऊनच येते. माझा कल इथं जोडलेल्या गाडीकडे असतो. सुटे भागही तुलनेने लवकर मिळतात.

तिसरी पायरी: रेंजचा आकडा स्वतः काढा

ईक्यूएस ५८० ची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, एआरएआय या आपल्या चाचणी संस्थेच्या हिशेबाने ८५७ किलोमीटर. त्याच नावाच्या गाडीला अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेने दिली ३४० मैल, म्हणजे ५४७ किलोमीटर. यात कुणी खोटं बोलत नाही, चाचणीची पद्धत वेगळी आहे. आपली चाचणी कमी वेगाची आणि सौम्य असते. एसी, चार माणसं, डिकीत सामान आणि एक्स्प्रेसवेचा वेग धरला की ईपीएचा आकडा सत्याच्या जवळ जातो.

सोपा ठोकताळा असा: बॅटरी जितक्या युनिटची, त्याला मोठ्या गाडीसाठी पाचने आणि लहानसाठी साडेपाच-सहाने गुणा. ईक्यूएसची बॅटरी १०७.८ युनिटची, पाचने गुणून येतात ५३९. बरोबर जागेवर. आता प्रवासात कुणी शून्यापर्यंत जात नाही आणि फास्ट चार्जरवर ऐंशी टक्क्यांपुढे भरण्यात वेळ जातो. म्हणून दोन थांब्यांमधलं खरं अंतर निघतं त्याच्या सत्तर टक्के, साधारण पावणेचारशे. मुंबई-पुणे-मुंबई यात आरामात बसतं. मुंबई-नागपूरला मध्ये थांबावं लागणार.

समृद्धीवर वेगमर्यादा १२० आहे, आणि रिकामा सरळ रस्ता बघून पाय आपोआप जड होतो. ८० ऐवजी १२० ने गेलात तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. पेट्रोल गाडीत हे जाणवत नाही, इलेक्ट्रिकमध्ये टक्केवारी डोळ्यांदेखत घसरते. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर निघण्याआधी ॲपमध्ये नुसता चार्जर दिसतो की चालू आहे, आणि किती किलोवॅटचा आहे, हे दोन्ही बघा.

घाटाची भीती मात्र बहुतेकांना उगाच वाटते. अडीच टनांची गाडी खोपोलीहून लोणावळ्याला चढवायला नेहमीच्या खर्चावर जास्तीची चारेक युनिट लागतात, आणि उतरताना त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत येतो. एकच काळजी घ्या: लोणावळ्यात किंवा महाबळेश्वरला हॉटेलवर शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज घ्यायला जागाच नसते, रीजन (गाडी मंदावताना वीज बॅटरीत परत भरण्याची सोय) मंदावतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नव्वदवर थांबवा.

चौथी पायरी: टेस्ट ड्राइव्ह मागच्या सीटवरून

आपल्याकडे कोटीची गाडी घेणारा माणूस बहुतेकदा मागे बसतो. तरीही टेस्ट ड्राइव्हला सगळे स्टिअरिंगवर बसतात, एकदा ॲक्सिलरेटर दाबतात, पाठ सीटला चिकटते, हसतात आणि चेक काढतात.

मागे बसा. किमान पाऊण तास. बॅटरी पायांखाली असल्यामुळे फरशी वर येते, पण छत वर नेता येत नाही, नाहीतर गाडी बेढब दिसेल. परिणामी गुडघे वर येतात आणि मांड्या सीटवरून अधांतरी राहतात. पहिल्या दहा मिनिटांत काही वाटत नाही. पुण्याहून निघून पनवेल यायच्या आत कंबर बोलायला लागते. ज्या गाड्या पेट्रोलच्या सांगाड्यावर बेतल्या आहेत आणि ज्या पहिल्यापासून इलेक्ट्रिक म्हणून आखल्या आहेत, त्यांत हा फरक कुठल्या बाजूला पडेल हे आधी सांगता येत नाही. आय७ मध्ये मागची बैठक सेव्हन सिरीजइतकीच राजेशाही आहे, कारण दोघींचं शरीर एकच. ईक्यूएस सेडान दिसायला देखणी, पण मागे बसून थेट एस-क्लासशी तुलना करून बघा आणि मग ठरवा. घरातल्या ज्येष्ठांना सोबत न्या. आईचे गुडघे दुखत असतील तर सेडानमध्ये वाकून उतरणं आणि एसयूव्हीतून सरळ उतरणं यातला फरक त्या एका वाक्यात सांगतील.

दुसरं, रीजन. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी स्वतः मंदावते. चालवणाऱ्याला हे आवडतं, मागे मोबाइल वाचत बसलेल्याला गाडी लागते. ड्रायव्हरला रीजन सगळ्यात कमी पातळीवर ठेवायला शिकवा आणि हीच सेटिंग टेस्ट ड्राइव्हमध्ये लावून बघा. तसंच, इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायरचा, वाऱ्याचा आणि डॅशबोर्डमधल्या एखाद्या कुरकुरीचा आवाज जास्त ऐकू येतो. सिमेंटच्या रस्त्यावर गाडी न्याच.

तिसरं, तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट स्पीडब्रेकर. तो तुम्हाला माहीत असतोच. लांब व्हीलबेस आणि पोटाखाली बॅटरी, या जोडीला तो चार माणसं बसवून तिरका न घेता ओलांडता येतो का बघा. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी वर उचलता येते, पण प्रत्येक वेळी ड्रायव्हर बटण दाबेल ही अपेक्षा नको.

पाचवी पायरी: फास्ट चार्जिंगचा आकडा

गाडी २०० किलोवॅट घेते असं कागदावर असेल, पण वाटेतला चार्जर ६० चा असेल तर तुम्हाला ६० च मिळणार. पोर्शे टायकान, किया ईव्ही६ यांसारख्या ८०० व्होल्टच्या गाड्यांची खरी मजा ताकदवान चार्जरवरच. म्हणून आधी तुमच्या नेहमीच्या दोन मार्गांवरचे चार्जर बघा आणि मग ठरवा की त्या वेगासाठी पैसे मोजायचे का. टाटा पॉवर ईझेड चार्ज, स्टॅटिक, जिओ-बीपी पल्स अशी तीन-चार ॲप लागतातच, प्रत्येकाचं वॉलेट वेगळं. हा वैताग पुढेही काही काळ राहणार असं दिसतंय. ड्रायव्हरच्या फोनमध्येही ती ॲप घालून द्या, नाहीतर तो चार्जरपाशी आणि तुम्ही मीटिंगमध्ये ओटीपी सांगत बसाल.

सहावी पायरी: विकणार कधी, ते आज ठरवा

मर्सिडीज ईक्यूसी ही आपल्याकडची पहिली लक्झरी इलेक्ट्रिक. ऑक्टोबर २०२० मध्ये ९९.३० लाखांना आली आणि २०२३ मध्ये तिचं उत्पादनच थांबलं. मॉडेल बंद झालं की सेकंडहँड बाजारात ग्राहक बिचकतो. शिवाय नव्या पिढीची बॅटरी दरवेळी जास्त रेंज घेऊन येते, त्यामुळे चार वर्षांची गाडी मोबाइल फोनसारखी जुनी दिसायला लागते.

म्हणून नवी गाडी घेत असाल तर आठ वर्षं ठेवायच्या तयारीने घ्या. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची देतात, काही त्याहून जास्त. त्यात क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल हे वाचा. सहसा तो आकडा ७० टक्के असतो. वॉरंटी दुसऱ्या मालकाला जाते का हेही विचारा. तीन-चार वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर लीज किंवा कंपनीचा ठरलेल्या किमतीला गाडी परत घेण्याचा (बायबॅकचा) करार लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला इथं काडीची किंमत नाही.

हाच तोटा उलटा केला की फायदा होतो. तीन वर्षांची, एका मालकाची, कंपनीच्याच प्रमाणित विभागातून घेतलेली लक्झरी इलेक्ट्रिक हा मला सध्याचा सगळ्यात शहाणा सौदा वाटतो. पहिली मोठी घसरण दुसऱ्याच्या खिशातून गेलेली असते. फक्त अधिकृत वर्कशॉपचा बॅटरी हेल्थ रिपोर्ट हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

सातवी पायरी: विमा, टायर, पावसाळा

थर्ड पार्टी प्रीमियमवर इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे, पण एकूण हप्त्यात तो भाग छोटा. झिरो डेप (दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) घ्याच. इंजिन प्रोटेक्टचे पैसे लावले असतील तर काढायला सांगा, या गाडीला इंजिन नाही. त्याऐवजी बॅटरी आणि घरचा चार्जर दोन्हींना कव्हर आहे का, आणि पाणी शिरल्यास काय, हे पॉलिसीत शोधा. बॅटरी पाण्यापासून बंदिस्त असते आणि इंजिनात पाणी ओढलं जाण्याचा प्रश्न नसतो. म्हणून मुंबईत हिंदमाताला साचणाऱ्या पाण्यात गाडी घालावी असं नाही. आत सीटखाली वायरिंग आणि मोटरी आहेतच.

सर्व्हिस खरोखर स्वस्त: तेल नाही, प्लग नाही. तो पैसा टायर खातात. वजन आणि टॉर्क मिळून ते लवकर झिजतात, आणि एकवीस इंची चाकाचा पातळ टायर खड्ड्यात फुगा येऊन फुटतो. स्टेपनी बहुधा नसते. लहान चाकांचा पर्याय असेल तर तो घ्या, दिसायला थोडं कमी पण चालायला मऊ. ब्रेक कमी वापरले जात असल्यामुळे पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा ठामपणे ब्रेक दाबावा.

आणि महिनाभर परदेशी जाताना लक्षात ठेवा, गाडीत नेहमीची १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही दार उघडत नाही. मॅन्युअलमध्ये तातडीची किल्ली कुठून लागते आणि जंप कुठं द्यायचा ते घरातल्या कुणाला तरी दाखवून ठेवा. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर मोटरला इजा होऊ शकते.

आठवी पायरी: डिलिव्हरीच्या दिवशी

हारतुऱ्यांच्या आधी वीस मिनिटं मागून घ्या. चेसिस नंबरवरून उत्पादनाचा महिना तपासा. यार्डात वर्षभर पडून राहिलेली इलेक्ट्रिक गाडी नवी म्हणून घेऊ नये. घरच्या चार्जिंगची एसी केबल आणि फास्ट चार्जरची डीसी गन, दोन्ही आळीपाळीने लावून चार्जिंग सुरू होतं का, तिथंच बघा. बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी (बॅटरीच्या रसायनाचे हे दोन प्रकार), ते विचारा. एलएफपी असेल तर कंपनी मधूनमधून शंभर टक्के चार्ज करायला सांगते, एनएमसी असेल तर रोजची मर्यादा ऐंशीवर लावून घ्या. गाडीचं ॲप तुमच्या नावावर चालू झालंय आणि डीलरचा लॉगिन काढलाय याची खात्री करा. घरचा चार्जर बसून, त्यावर एकदा गाडी चार्ज होईपर्यंत शेवटचा हप्ता मात्र अडवून ठेवा. पैसे पोहोचल्यावर इन्स्टॉलेशनवाला फोन उचलत नाही.